अणुभट्टीच्या चिमणीतून काय निघतं: तीन प्रकारांची तुलना

अणुवीज प्रकल्पाच्या जनसुनावणीत मत मांडायचं असेल तर 'किरणोत्सर्ग किती' एवढंच विचारून भागत नाही. रोजच्या, परवानगीतल्या उत्सर्जनात काय आणि कोणत्या रूपात निघतं, हे भट्टीच्या प्रकारावर ठरतं.

उकळत्या पाण्याच्या भट्टीत गाभ्यातली वाफ थेट टर्बाइनला जाते. तिच्याबरोबर आलेले झेनॉन आणि क्रिप्टॉन हे किरणोत्सर्गी वायू सक्रिय कोळशाच्या थरांत अडवून उशिरा सोडतात. झेनॉन-१३३चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच दिवसांचं, म्हणून त्याला ही युक्ती लागू पडते; क्रिप्टॉन-८५चं जवळपास ११ वर्षांचं, त्याला नाही. बेक्वेरेलचे (किरणोत्सर्ग मोजायच्या एककाचे) आकडे इथे मोठे दिसतात, पण हे वायू अन्नसाखळीत शिरत नाहीत.

खरं लक्ष हवं ते कार्बन-१४कडे, म्हणजे किरणोत्सर्गी कार्बनकडे. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. याच भट्टीतून तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड म्हणून निघतो. पानं तो ओढून घेतात आणि तो धान्यात, भाजीत, दुधात उतरतो. दाबाखालच्या पाण्याच्या भट्टीत गाभ्याचं पाणी टर्बाइनपासून वेगळं फिरतं आणि कार्बन-१४ बराचसा मिथेनच्या रूपात निघतो. तो झाडांना थेट घेता येत नाही. कुंपणाला लागून शेती असेल, तर या एका कारणासाठी मी या भट्टीला झुकतं माप देईन.

जड पाण्याच्या भट्टीत प्रश्न ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचा. जड पाण्यातला जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, न्यूट्रॉन शोषून घेतं की ट्रिटियम तयार होतं. हवेत ते बाष्परूपाने जातं, पावसाबरोबर खाली येतं, पानांतल्या पाण्यात मिसळतं. त्याचे बीटा किरण कातडी भेदत नाहीत, पण अन्नपाण्यातून ते शरीरात जातंच. इथे गळती किती आणि बाष्प सुकवून परत किती मिळवतात, हे नक्की विचारा.

निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मिळतात. नीट चाललेल्या प्रकल्पाच्या शेजाऱ्याला त्याचा अगदी छोटा अंश. कोळशाच्या राखेतही युरेनियम आणि थोरियम असतं, आणि धुरातला गंधक, सूक्ष्म कण वेगळेच. तरीही २००७ सालचा जर्मन अभ्यास मी झटकून टाकणार नाही: प्रकल्पापासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांत रक्ताचा कर्करोग जास्त आढळला. मोजलेल्या मात्रेतून त्याचा उलगडा होत नाही.

म्हणून वार्षिक सरासरीवर समाधान मानू नका. हलक्या, म्हणजे साध्या पाण्याच्या भट्ट्या (वरचे पहिले दोन प्रकार) बंद करून इंधन बदलताना उत्सर्जन वाढतं. त्या दिवसांचे आकडे वेगळे मागा, आणि ते गावाला आधी कळवणार का, हेही लेखी घ्या.