लाभांश आला, पण कोणाच्या पैशातून?

सहामाहीला लाभांश मिळतोय म्हणजे लाइन फायद्यात आहे, असं धरून बसलेल्या इंग्लंडमधल्या ईस्टर्न काउंटीज रेल्वे कंपनीच्या भागधारकांचे डोळे १८४९ मध्ये चौकशी समितीच्या अहवालाने उघडले. जानेवारी १८४५ ते जून १८४८ या काळात कंपनीने सुमारे ५ लाख ४५ हजार पौंड वाटले होते. खरे कमावलेले त्यातले फक्त २ लाख २५ हजार. सुमारे १ लाख १५ हजार पौंड वाहतुकीच्या कमाईचे आकडे फुगवून दाखवलेले, आणि २ लाख ५ हजारांचा खर्च गुपचूप भांडवलात टाकलेला.

ही लाइन १८३६ मध्ये लंडन ते यार्मथ अशी मंजूर झाली आणि १८४३ मध्ये ५१ मैलांवर कोल्चेस्टरलाच अडकली, पैसाच संपला. वैतागलेल्या भागधारकांनी १८४५ मध्ये यॉर्कच्या जॉर्ज हडसनला अध्यक्षपदी आणलं. त्याला 'रेल्वेचा राजा' म्हणत. हिशेब विचारायची छाती कोणाची?

युक्ती साधी होती. जमीन, मातीकाम, पूल, इंजिनं भांडवली खात्यात. कोळसा, पगार, रुळांची डागडुजी महसुली खात्यात, म्हणजे रोजच्या कमाईतून भागवायची. डागडुजी भांडवलात ढकलली की कागदावर तेवढा नफा वाढतो. मग भांडवल कमी पडतं आणि त्याच भागधारकांकडे पुढचा हप्ता मागितला जातो. त्या काळी शेअरची थोडीच रक्कम आधी भरायची असे, बाकीची संचालक मागतील तेव्हा. हप्ता थकला तर शेअर जप्त होऊ शके. भांडवलाला हात लावून लाभांश वाटायला १८४५ च्या कायद्याची मनाई होती, हे विशेष. पण हिशेबाचा ठरावीक नमुना १८६८ पर्यंत नव्हता, आणि तपासनीस भागधारकांतलाच कोणी हौशी.

आज टोल रस्त्याच्या किंवा बंदराच्या कंपनीचा अहवाल हाती आला, तर लाभांशाचा दर सगळ्यात शेवटी वाचा. आधी डागडुजीचा खर्च मागच्या वर्षांशी ताडून पाहा. वाहतूक वाढली आणि डागडुजी घटली, तर खर्च दुसऱ्या खात्यात गेलाय का ते शोधा. बांधकामाच्या कर्जाचं व्याज काम पूर्ण झाल्यावरही भांडवलातच जातंय का? इन्व्हिटमध्ये (रस्त्यांसारख्या पायाभूत प्रकल्पांत पैसा गुंतवणाऱ्या ट्रस्टमध्ये) वाटपाची फोड उघड छापलेली असते: व्याज किती, लाभांश किती, मुद्दलाची परतफेड किती. तिथे लपवाछपवी नाही, पण परतफेडीचा आकडा वजा करूनच परताव्याचा टक्का काढा.