योगवर्गात तानपुरा आणि छोटा स्पीकर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्याला पाच वर्ग, प्रत्येक साठ मिनिटांचा, पंधरा-वीस जण. साधन म्हणजे फोनमधलं तानपुरा ॲप आणि तळहातावर मावेल एवढा ब्लूटूथ स्पीकर. आठ महिन्यांनंतरचं मत असं: गाण्यांच्या प्लेलिस्ट बाद, तानपुरा कायम, आणि वर्गाचा निदान तिसरा हिस्सा पूर्ण शांतता.

कारण श्वास. निवांत लयीत एक श्वास-उच्छ्वास दहा-बारा सेकंद चालतो, म्हणजे मिनिटाला पाच-सहा. संगीतात ठेका आला की शरीर श्वासाची लय सोडून ठेक्यामागे जातं. सूर्यनमस्काराच्या तिसऱ्या-चौथ्या आवर्तनातच वेग वाढलेला दिसतो, आणि अष्टांग नमस्कारातून भुजंगासनात जाताना श्वास अर्धाच घेतला जातो. गाण्यात शब्द असले तर कान तिकडे लागतात आणि सूचना निसटते. तानपुऱ्यात दोन्ही नाही. फक्त तारा छेडण्याचा वेग अगदी कमी ठेवावा, नाहीतर तोच ठेका होऊन बसतो.

पट्टी, म्हणजे तानपुऱ्याचा सा कुठल्या उंचीवर लावायचा ते, निवडणं हा सगळ्यात फायद्याचा भाग, आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. वर्गात ओंकार असेल तर तानपुरा म्हणणाऱ्यांच्या गळ्याला जुळायला हवा. पुरुषांना साधारण काळी एक किंवा दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली किंवा दुसरी काळी पट्टी) सोयीची, बायकांना काळी चार किंवा पाच. मिश्र वर्गात काळी एक लावून पहिली तार पंचमाला (प) ठेवावी. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार, त्यामुळे पुरुष षड्जावर (सा) आणि बायका पंचमावर सहज स्थिरावतात. कुणाला ओढून-ताणून म्हणावं लागत नाही.

भ्रामरीत मात्र तानपुरा बंदच हवा. तिथे स्वतःच्या गुंजनाचीच कंपनं ऐकायची असतात. कपालभाती आणि मात्रा मोजून केलेला अनुलोम-विलोम यांनाही तोच नियम.

आवाज किती ठेवावा? शिकवणाऱ्याने वर्गाकडे पाठ करून नेहमीच्या आवाजात बोलावं आणि शेवटच्या ओळीत सतरंजीवर आडवं पडून कुणीतरी ऐकावं. एकही शब्द हुकला तर आवाज आणखी खाली. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना मागचा आवाज आणि बोलणं वेगळं करणं जास्त अवघड जातं, म्हणून ते असतील तेव्हा आसनांच्या वेळी तानपुरा सरळ बंद करावा.

स्पीकर जमिनीवर आणि कोपऱ्यात ठेवू नये. तिथे खर्ज फुगतो, सगळं घुमतं, आणि शवासनात जवळच्या माणसाच्या थेट कानाशी आवाज येतो. कंबरेएवढ्या उंचीवर, भिंतीपासून जरा पुढे ठेवलेला बरा. शिकवणाऱ्याचा माईक असेल तर त्याचं तोंड स्पीकरकडे नको, शिट्टी वाजते.

खऱ्या तक्रारी स्पीकरच्या आहेत. बरेच ब्लूटूथ स्पीकर काही मिनिटं आवाज आला नाही की आपोआप बंद होतात, आणि बंद होताना मोठ्याने सूर वाजवतात. नेमकं शवासनात! बॅटरी उतरल्याची सूचनाही तशीच दचकवते. वायरने जोडलेला, स्वतःहून न झोपणारा स्पीकर मिळाला तर तोच घ्यावा. फोन विमान मोडवर टाकावा. वायर नसेल तर त्यानंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करावं.

ॲपऐवजी रेकॉर्डिंग वाजवायचं असेल तर पाच मिनिटांची एमपीथ्री फिरवत ठेवू नये. जोडाशी क्षणभर खंड पडतो, आणि शांत खोलीत तो प्रत्येकाला कळतो. तासभराची सलग फाइल घ्यावी, फोनमध्येच साठवलेली. स्ट्रीमिंगचं वैयक्तिक खातं सहसा खासगी ऐकण्यापुरतंच असतं. पैसे घेऊन चालणाऱ्या वर्गासाठी त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

शवासनात तानपुरा झटकन थांबवू नये. पहिल्या दोन मिनिटांत हाताने थोडा थोडा कमी करत शून्यावर आणावा, आणि पुढची पाच-सात मिनिटं काहीही न वाजवता जाऊ द्यावीत.