केनिया की इथिओपिया? हिरव्या विजेवर कापडाचा कारखाना टाकणाऱ्यासाठी

युरोपातले मोठे खरेदीदार हल्ली भावाबरोबर हेही विचारतात, की माल कोणत्या विजेवर तयार झाला. त्यामुळे इचलकरंजी-भिवंडीकडचा एखादा कारखानदार पूर्व आफ्रिकेचा विचार करू लागला, की केनिया आणि इथिओपिया ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोघांपैकी हिरवा कोण, यावर डोके खाजवू नका. केनियाची साधारण नव्वद टक्के वीज जमिनीतली वाफ, पाणी, वारा आणि ऊन यांतून येते. इथिओपियाची तर जवळजवळ सगळीच, आणि तीही मुख्यतः धरणांतून. खरेदीदाराच्या फॉर्मवर दोघेही पास. खरा फरक विजेच्या दरात, कारखान्याला लागणाऱ्या उष्णतेत आणि कमावलेला पैसा बाहेर काढण्यात आहे.

दरात इथिओपिया सरळ पुढे आहे. याचा पुरावा खुद्द केनियाच देतो. नोव्हेंबर २०२२ पासून तो १,०४५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीवरून इथिओपियाची २०० मेगावॉट वीज विकत घेतो, युनिटला साडेसहा अमेरिकी सेंट दराने. केनियातल्या कारखान्याला मात्र युनिटमागे याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अबाय, म्हणजे निळ्या नाईलवरचे ५,१५० मेगावॉटचे धरण सुरू झाले. हे धरण लोकांनी रोखे घेऊन, पगारातून पैसे कापून उभे केले, त्यामुळे तिथे त्याविषयी जिव्हाळा मोठा आहे. फक्त आजचा दर पुढच्या दहा वर्षांच्या हिशोबात धरू नका. सप्टेंबर २०२४ पासून तिथे दर तिमाहीला टप्प्याटप्प्याने वाढ सुरू आहे.

केनियाची वीज महाग का? गळती मोठी आणि खासगी वीज उत्पादकांशी केलेले करार डॉलरमध्ये. तुर्काना सरोवराजवळचा पवन प्रकल्प आठवा. ३६५ पवनचक्क्या २०१७ मध्ये उभ्या राहिल्या, पण वीज वाहून नेणारी सरकारी वाहिनी सप्टेंबर २०१८ मध्ये आली. मधल्या काळात न वापरलेल्या विजेचे पैसे भरावे लागले, आणि असा खर्च शेवटी ग्राहकाच्याच बिलात उतरतो. तरी तीन पाळ्यांत चालणाऱ्यांसाठी एक फट आहे. डिसेंबर २०१७ पासून उद्योगांना रात्रीच्या, ठरलेल्या पातळीवरच्या जादा युनिटांना निम्मा दर मिळतो. सूतगिरणीला हे जमते, दिवसपाळीच्या शिवणकामाला नाही.

आता वाफ. माझ्या मते सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. प्रोसेस हाउसचा, म्हणजे कापड रंगवणाऱ्या-धुणाऱ्या कारखान्याचा, मोठा खर्च मोटारींवर नसतो, बॉयलरवर असतो, हे डाइंग करणाऱ्याला सांगायला नको. वीज हिरवी आणि बॉयलरमध्ये लाकूड किंवा फर्नेस ऑइल, असा माल खरेदीदाराच्या तपासणीत अडकतो. केनियात नैवाशाजवळच्या ओल्कारियात १९८१ पासून जमिनीतल्या वाफेवर वीज बनते, आणि देशाची भूगर्भीय क्षमता आता ९०० मेगावॉटच्या पुढे आहे. शेजारच्या ओसेरियन या फुलशेतीने तीच उष्णता गुलाबांच्या हरितगृहांत वळवली, विहिरीतून निघणारा कार्बन डायऑक्साइडही झाडांना दिला. म्हणजे वाफ थेट वापरणे हे कागदावरचे स्वप्न नाही. रंगाईच्या आणि धुलाईच्या पाण्याला ती पुरेल. कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटर यंत्राला १८०-२०० अंश लागतात, तिथे दुसरी सोय बघावीच लागेल. इथिओपियाकडे अशी वाफ आज नावापुरती आहे. तिथे पर्याय विजेवरच्या बॉयलरचा, आणि स्वस्त विजेमुळे तो हिशोबात बसूही शकतो.

सांडपाण्यात मात्र इथिओपियाने धडा घालून दिला. हवासाचे औद्योगिक उद्यान २०१६ मध्ये उघडले, तेव्हाच तिथे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारा सामाईक प्रकल्प होता. तो आपल्याकडच्या अरविंद समूहाच्या कंपनीने उभारला. तसे करणे भागच होते, कारण हवासा सरोवरातून पाणी बाहेर वाहून जातच नाही. घाण पडली की तिथेच राहणार. पंचगंगेची अवस्था पाहिलेल्याला याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

खंडित पुरवठ्याची मात्र दोन्हीकडे तयारी ठेवा. २०१९ च्या मे महिन्यात गिबे-३ धरणाची पातळी घसरली आणि इथिओपियात वीजकपात झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये केनियाभर अंधार पडला, नैरोबीचा विमानतळही सुटला नाही. डिझेल जनरेटर लागणारच, आणि त्याचा धूर हिरव्या प्रमाणपत्रात मोजला जातो.

मजुरीच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१९ च्या अहवालात इथिओपियातल्या कपडा कामगाराचा महिन्याचा मूळ पगार २६ डॉलर होता, केनियातला २०७. पण २६ डॉलरमध्ये शहरात खोली आणि जेवण भागत नाही. मुली काम शिकतात आणि गावी परततात, म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. स्वच्छ विजेवर शिवलेल्या शर्टामागे असा पगार असेल, तर मी तरी त्याला शाश्वत उद्योग म्हणणार नाही.

आणि मग राजकारण. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतातल्या युद्धामुळे अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून इथिओपियाची शुल्कमुक्त निर्यातीची सवलत काढली. त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पीव्हीएच ही कपड्यांची बडी अमेरिकन कंपनी हवासातून निघाली होती. जुलै २०२४ मध्ये इथिओपियाने चलनाचा दर बाजारावर सोडल्यावर काही महिन्यांत डॉलर दुपटीहून महाग झाला. आधीच्या वर्षांत तर सुट्या भागांसाठी डॉलर मिळवण्यातच लोकांचे दिवस गेले. केनियात ही कटकट बरीच कमी. शिवाय मोंबासा हे स्वतःचे बंदर आहे, आणि जुलै २०२४ पासून युरोपीय संघाशी व्यापार करारही लागू आहे. इथिओपियाला समुद्र नाही. जिबूतीपर्यंतची विजेवरची रेल्वे चांगली आहे, पण बंदर शेवटी दुसऱ्याचेच.

मध्यम आकाराचे, स्वतःच्या भांडवलावरचे युनिट असेल, तर मी नैवाशा निवडेन. विजेचे बिल जड जाईल, पण पैसा अडकणार नाही. सूतगिरणीसारखे विजेवरच जगणारे, मोठे आणि पाच-सात वर्षे नफा तिथेच गुंतवू शकणारे काम असेल, तर इथिओपिया. दोन्हीकडे जागा बघायला जाल तेव्हा माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि उद्यानाच्या व्यवस्थापकाकडे मागच्या बारा महिन्यांची फीडर, म्हणजे आवाराला वीज देणारी वाहिनी, बंद पडल्याची नोंदवही मागा. ती दाखवायला खळखळ करणाऱ्याच्या आवारात प्लॉट घेऊ नका.