कुंपण की पंगत?

नुकतंच जर्मन नागरिकत्व मिळालेल्या मित्रानं विचारलं, मत कुणाला देऊ? पक्ष मी सांगणार नाही. पण एएफडीसारख्या परकेविरोधी, कडव्या उजव्या पक्षांना सत्तेबाहेर ठेवणारी जर्मन रीत बरी की सोबत घेऊन बघणारी डच रीत, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. राहतो हेर्त्सोगेनराथला, नोकरी पलीकडे नेदरलँड्समध्ये. आमच्याकडचा एक रस्ता असा की मधोमध सीमा. समोरच्या फुटपाथवर केर्कराडे.

डच रीत मला बरीच वर्षं पटायची. बसवा पंगतीला, कळू दे वाढप्याचे हाल. 2010 मध्ये तिथल्या तसल्याच पक्षाचे नेते व्हिल्डर्स पंतप्रधान रुट्टेंच्या सरकारला 24 जागांचा टेकू देऊन बसले, 2012 मध्ये खर्चकपातीवरून उठून गेले, निवडणुकीत 15 वर आले. औषध लागू पडलं म्हणायचं! मग 2023 मध्ये रुट्टेंच्याच पक्षानं निवडणुकीआधी दार किलकिलं केलं. आता यांना दिलेलं मत वाया जात नाही म्हटल्यावर 37 जागा. सरकार जुलै 2024 मध्ये बसलं, पुढच्या जूनमध्ये व्हिल्डर्स पुन्हा उठले. ऑक्टोबरात 26.

आकड्यांवरून वाद घालता येईल. माझं मत फिरलं ते जेवणाच्या सुट्टीत. एक सहकारी आहे, सज्जन माणूस. सायकलचं पंक्चर काढायला मला त्यानंच शिकवलं. परक्यांबद्दल पूर्वी पुटपुटायचा. व्हिल्डर्सच्या पक्षाचे मंत्री झाल्यावर मोठ्यानं बोलायला लागला, आणि दर वेळी माझ्याकडे वळून, ‘‘तुझ्याबद्दल नाही हं, तू वेगळा.’’ हातात पोळीचा तुकडा तसाच. आठवड्यातून दोनदा तरी मी ‘वेगळा’ व्हायचो.

जर्मन कुंपणानं सगळं भागतं असं नाही. एएफडी 2021 च्या दुप्पट होऊन 2025 मध्ये 20.8 टक्क्यांवर गेली, आणि बाकीच्यांची मोट बांधताना पुन्हा तेच जुने पक्ष, सीडीयू-एसपीडी. बदल मागणाऱ्यानं चिडू नये तर काय करावं? शिवाय त्या निवडणुकीआधी, जानेवारीत सीडीयूचे नेते मेर्त्झनी स्थलांतर रोखण्याचा ठराव एएफडीच्या मतांवर पास करून घेतलाच. पण दोनच दिवसांनी त्याच विषयावरचं विधेयक पडलं. मेर्त्झच्याच काही खासदारांनी साथ दिली नाही.

आमच्या इमारतीतले एक आजोबा एएफडीवाले आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. जिन्यात भेटले की माझ्याशी फक्त पावसाबद्दल बोलतात. मित्र म्युनिकला राहतो, त्याला वेगळं दिसत असेल कदाचित. मला हा पाऊस चालतो.