डबल नाणं टाळायचं तर नोंद कुठे ठेवाल: वही, शीट, न्युमिस्टा की फोटो?

इंदूरला नाण्यांचं प्रदर्शन लागलं की रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतची आपली संग्राहक मंडळी सकाळीच दालनात पोचतात. टेबलाभोवती गर्दी, विक्रेता भाव सांगून मोकळा, आणि मागचा माणूस त्याच नाण्याकडे बघत उभा. अशा वेळी "हे आपल्याकडे आहे का?" याचं उत्तर हातातल्या हातात देईल तीच नोंद खरी. घरच्या कपाटातला अल्बम कितीही देखणा असला तरी तिथे कामाला येत नाही.

वही, मोबाईलमधली एक्सेलसारखी शीट, न्युमिस्टा ही नाण्यांची सूची असलेली वेबसाइट आणि फोटो, यांतलं काय निवडायचं हे तुम्ही कोणती नाणी जमवता यावर अवलंबून आहे. कारण "आहे" या शब्दाचा अर्थ दर काळाच्या नाण्यात वेगळा होतो.

प्रजासत्ताकाची नाणी घ्या. १९९२ ते २००४ या काळातलं अकरा कोनांचं, भारताचा नकाशा असलेलं दोन रुपयांचं नाणं वर्षावर्षाने जमवायचं तर नुसतं साल पुरत नाही, टांकसाळही लागते. सालाखाली डायमंड असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. नाणं घासलेलं असलं की मुंबईचा डायमंड टिंबासारखा दिसू लागतो आणि नोएडाचं समजून मुंबईचंच दुसरं घेतलं जातं. त्यात काही वर्षी नाणी परदेशात पाडून घेतलेली आहेत. १९८५ च्या रुपयावर इंग्रजी एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा.

अशा मालिकेसाठी शीटला तोड नाही. दर्शनी किंमत, साल, टांकसाळ, छाप, दर्जा, कधी घेतलं आणि कितीला, एवढे रकाने बस्स. पहिले चार जोडून एक ओळखरकाना करा, उदाहरणार्थ "२रु-१९९६-हैद-नकाशा", आणि काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लावून जो दोनदा येईल त्याला रंग द्या. शोधायला दोन सेकंद लागतात. फक्त फाईल ऑफलाइन उघडेल अशी करून ठेवा. दालनात ऐन वेळी नेटवर्क मिळेलच असं नाही. आणि दर्जाचा रकाना गाळू नका. आपलं नाणं झिजलेलं असेल आणि समोर कोरं करकरीत असेल, तर ते दुसरं घेणं हा डबलचा प्रकारच नव्हे. जुनं विकून किंवा बदलून टाकायचं.

वहीबद्दल मला आदर आहे, पण एका अटीवर. रोजनिशीसारखी, घेतलं तसं लिहीत गेलेली वही दोनशे नाण्यांनंतर चाळता येत नाही. वर्षं उभी, टांकसाळी आडव्या, असा तक्ता आखून चौकटीत खूण करणारी वही मात्र मोबाईलइतकीच चटकन उत्तर देते. शाळकरी मुलांना आणि मोबाईलशी फार सलगी नसलेल्या आजोबांना मी हीच सुचवतो.

ब्रिटिश काळात शिरलात की तक्ता अपुरा पडतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावरचं १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच चालू राहिलं, आणि त्यातले फरक चेहऱ्याच्या ठशावर, मागच्या बाजूच्या ठशावर आणि टिंबांवर ओळखतात. वहीत "१८६२, आहे" एवढंच लिहिलेलं असेल तर वेगळं नाणं हातचं जाईल किंवा तेच पुन्हा येईल. १८४० च्या रुपयातही राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं सलग असलेला एक आणि तुटक असलेला दुसरा, असे दोन प्रकार आहेत. इथे न्युमिस्टा उपयोगी पडतं. प्रत्येक प्रकाराला तिथे स्वतःचा क्रमांक असतो, खाली साल आणि टांकसाळीच्या ओळी, आपल्याकडच्या नाण्यापुढे खूण केली की झालं. शिवाय जास्तीची नाणी अदलाबदलीसाठी वेगळी दाखवता येतात, म्हणजे झालेल्या डबलचीही सोय लागते. ते इंटरनेटवर चालतं ही त्याची दालनातली अडचण. म्हणून तिथले क्रमांक आपल्या शीटमध्ये उतरवून घेणं मला जास्त पटतं.

आता होळकरांची नाणी, जी इंदूरच्या माणसाच्या काळजाजवळची. १९३५ ची दुसऱ्या यशवंतरावांचं चित्र असलेली पाव आणि अर्धा आण्याची नाणी यंत्रावर पाडलेली, साल स्पष्ट. ती कुठल्याही पद्धतीत बसतात. पण मल्हारनगर, म्हणजे इंदूरच्याच, टांकसाळीचे सूर्यमुखाचे रुपये किंवा अहिल्याबाईंच्या काळातली बेलपत्र आणि शिवलिंगाची नाणी हाताने ठोकलेली आहेत. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने मजकुराचा एखादाच तुकडा नाण्यावर उतरतो, पुष्कळदा साल कडेबाहेर राहतं. शब्दांत याची नोंद करायला गेलात तर दहा नाण्यांपुढे सारखंच वर्णन येईल. इथे फोटोच हवेत: दोन्ही बाजू, एकाच उजेडात, शेजारी मोजपट्टी, आणि फोटोच्या नावात वजन. सूर्याच्या किरणांची ठेवण, कुठलं अक्षर कडेला कापलं गेलंय, हे टेबलावर फोटोशी ताडून बघता येतं. रुपये, आणे, पैसे असे वेगळे अल्बम केले तरच फोटो वेळेवर सापडतात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची किंवा बडोद्याच्या गायकवाडांची जुनी नाणी जमवणाऱ्यालाही मी हेच सांगेन.

तेव्हा प्रजासत्ताक आणि ब्रिटिश नाणी जमवत असाल तर शीट मुख्य ठेवा आणि न्युमिस्टा तिच्या पाठीशी. फक्त संस्थानी नाणी असतील तर फोटो मुख्य, शीट जोडीला. चारही ठिकाणी नोंद करू नका. महिन्याभरात चारही नोंदी एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि मग एकीवरही विश्वास उरत नाही.

काहीही निवडा, नोंद पैसे दिले त्या क्षणी करा, नाणं घरी आल्यावर नव्हे. ऑनलाइन लिलावात हे फार जाणवतं. एका ठिकाणी जिंकलेलं नाणं अजून टपालात असतं आणि तेच नाणं दुसरीकडे स्वस्त दिसतं. शीटमध्ये "वाटेत" असा शेरा असेल तर हात थांबतो. लॉट, म्हणजे बरीच नाणी एकगठ्ठा, घेताना मात्र डबल येणारच हे धरून चला आणि भाव नव्या नाण्यांपुरताच लावा. घरात बाप-लेक किंवा दोघं भाऊ जमवत असतील तर शीट एकच, दोघांच्या मोबाईलवर, आणि खरेदीच्या किमतीचे रकाने घराबाहेर कुणाला दिसणार नाहीत असे.