कोपऱ्यातला जांभळा रंग: कॉर्नरफिक्स की लाइटरूम?

काळारामाच्या देवळाचा फोटो लायका एम९ कॅमेऱ्यावर १५ एमएमच्या वाइड लेन्सने काढला आणि घरी बघतो तर काय, काळा दगड कडेला चक्क जांभळा! लेन्सची मागची काच सेन्सरला अगदी चिकटून असते ना, मग कडेला उजेड फार तिरका पडतो आणि रंग सरकतो.

कॉर्नरफिक्स हे असा रंग दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी लेन्सवर पांढरं, उजेड आत सोडणारं झाकण धरून एक कोरा फोटो काढायचा, त्याचं प्रोफाइल (म्हणजे त्या लेन्सच्या रंगदोषाची नोंद) एकदाच करून ठेवायचं आणि मग त्या लेन्सच्या कुठल्याही डीएनजीला (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलला) लावायचं, फक्त अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बदललं की प्रोफाइल वेगळं केलेलं बरं. कटकट एवढीच की प्रत्येक फोटोची नवी फाइल बनते, हार्ड डिस्क रडते.

अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरमधलं फ्लॅट-फील्ड करेक्शन, म्हणजे अशाच कोऱ्या फोटोवरून केलेली दुरुस्ती, लाइटरूमच्या आतच होतं, फक्त रंग दुरुस्त कर आणि कोपऱ्यातला काळोख राहू दे असंही सांगता येतं, ते मला जाम आवडतं. पण कोरा फोटो शक्यतो त्याच शूटमध्ये काढलेला बरा. रामकुंडावर पहाटेच्या गर्दीत कोण झाकण धरून उभं राहणार? लोक आधीच विचित्र बघतात.

म्हणून माझं तरी कॉर्नरफिक्स, आणि झाकण घरी गच्चीवर, ढगाळ दिवशी.