अहवाल अचूक, पण समजावून सांगणारे कोणी नाही

छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी प्रयोगशाळेत मी गेल्या वर्षी आनुवंशिक कर्करोगाची जनुकीय चाचणी करून घेतली. आमची आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. पुढे ताईला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा तिच्या बीआरसीए-1 या जनुकात दोष आढळला. आई किंवा वडील, कोणाकडूनही आलेला असा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते, म्हणून मीही रक्त दिले.

तपासणीच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. घरातला दोष आधीच ठाऊक असल्यामुळे जनुकांचा सगळा संच न तपासता तेवढी एकच जागा पाहिली तरी पुरते आणि खर्चही बराच कमी येतो, हे तिथल्या तंत्रज्ञांनी आपणहून सांगितले.

मात्र रक्त घेण्यापूर्वी समुपदेशन झालेच नाही, केवळ संमतिपत्रावर सही घेतली गेली. तीन आठवड्यांनी परभणीच्या बसस्थानकावर उभी असताना अहवाल मोबाइलवर आला. तो इंग्रजीत होता आणि ‘निगेटिव्ह’ या शब्दापलीकडे मला काही उमगले नाही. हायसे वाटायला हवे होते. पण जिच्या ताटात जेवून मी मोठी झाले, तिच्या वाट्याचे दुखणे मला चुकले, या विचाराने दोन दिवस मला ताईला फोन करण्याचा धीर झाला नाही.

ताईच्या डॉक्टरांनी नंतर एका समुपदेशक बाईंची गाठ घालून दिली. सुटका झालेल्या भावंडाला असा अपराधीपणा वाटणे नेहमीचे आहे, आणि माझा धोका शून्य झालेला नसून इतर स्त्रियांइतकाच आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. हा दोष असलेल्या 100 स्त्रियांपैकी सुमारे 72 जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा, तर सुमारे 44 जणींना अंडाशयाचा कर्करोग होतो, हे आकडेही त्यांनी ताईला विचारून, तिला ऐकायचे होते तेव्हाच सांगितले. प्रयोगशाळेने हीच सोय शुल्कात धरायला हवी होती.

आता प्रश्न भाचीचा आहे. सोयरिकीत अडचण येईल म्हणून ताई चाचणी पुढे ढकलू पाहते, तर बावीस वर्षांच्या भाचीला स्वतःच ठरवायचे आहे. ती दिवाळीनंतर आधी समुपदेशक बाईंना भेटणार आहे, आणि चाचणी झालीच तर अहवाल मोबाइलवर पाठवू नये, असे आम्ही अर्जावर लिहून देणार आहोत.